हेडमास्तरांचा पाच-नऊ

त्या रविवारी हेडमास्तरांनी त्याला पाच-नऊ दिला, आणि माइकचं बटण दाबायला उचललेला त्याचा अंगठा तसाच राहिला.

दुसऱ्या कुणी दिला असता तर त्याने तो कानाआड केला असता. हौशी रेडिओवाल्यांच्या जगात पाच-नऊला कुत्रं विचारत नाही. पहिला आकडा बोललेलं किती समजतं त्याचा, एक ते पाच. दुसरा आवाजाच्या ताकदीचा, एक ते नऊ. म्हणजे पाच-नऊ म्हणजे माणूस शेजारच्या खुर्चीत बसून बोलतोय. पण स्पर्धेच्या दिवशी हजार माणसं हजार माणसांना पाच-नऊ वाटत सुटतात, आणि पुढच्याच श्वासाला विचारतात, नाव पुन्हा सांगा, गाव पुन्हा सांगा, काही कळलं नाही. पाच-नऊ, काही कळलं नाही. यात कुणाला लाज वाटत नाही. समोरच्याचं मन राखायचं, आपलं काम उरकायचं, पुढे सरकायचं. अशी मन राखणारी माणसं त्याला उभी जाळावीशी वाटत. हेडमास्तर त्यातले नव्हते. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला, तीनशे किलोमीटरवरून ते बोलायला येत, आणि बावीस वर्षांत त्यांनी पाच-सातच्या वर आकडा दिलेला नव्हता. एकदा याने नवी अँटेना चढवली, गच्चीवर दोन दिवस उन्हात भाजून निघाला, आणि मोठ्या आशेने विचारलं की आज कसा येतोय. हेडमास्तर म्हणाले होते, "पाच-सात. सातसुद्धा पोटाशी धरून देतोय." उभ्या नोकरीत पोरांना शंभरातले सत्तर देताना ज्याचा हात थरथरला असेल असा माणूस. त्यांच्या त्या चिक्कूपणावर याचा जीव होता. जगात एक तरी माणूस होता जो त्याला तो जेवढा पोचतो तेवढाच पोचतो असं सांगत होता.

आणि आज तर बँडची, म्हणजे ते ज्या लहरींवर बोलत त्या पट्ट्याची, अवस्था वाईट होती. हेडमास्तरांचाच आवाज इकडे विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता, मध्येच वर, मध्येच गडप. इकडून तिकडे जाणारी वाट आणि तिकडून इकडे येणारी वाट एकच असते. मला तुम्ही चार येत असाल तर तुम्हाला मी नऊ कुठून येईन? शिवाय सेटवरचा ताकद दाखवणारा काटा हा बिनडोक प्राणी आहे. माणसाचा आवाज आणि शेजाऱ्याच्या पंख्याची कुरकुर यातला फरक त्याला कळत नाही. जे येईल त्याला तो मान देतो. म्हणून आधी बँड गप्प असताना काटा कुठे बसलाय ते बघायचं, मग माणूस बोलू लागल्यावर तो किती वर उठला ते. चढ मोजायचा, उंची नाही. हे त्याला हेडमास्तरांनीच शिकवलेलं. पहिल्या वर्षी, तो मिशीसुद्धा न फुटल्यासारख्या उत्साहाने सगळ्यांना आठ आणि नऊ वाटत असताना, त्यांनी भर बँडवर, चारचौघं ऐकत असताना, त्याला झापला होता. म्हणाले होते, "चष्मेवाले, खरखर किती आहे ते आधी सांगत चला. खरखर माहीत नसलेल्या माणसाने कौतुक करू नये."

चष्मेवाला हा त्याचा पेशा. बाजाराच्या कोपऱ्यावर अरुंद दुकान, आतल्या अंगाला अंधारी खोली, खोलीत खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, भिंगं बदलत विचारायचं, आता बरं का आधी बरं होतं? एकतीस वर्षांत त्याला एवढंच कळलं होतं की माणूस डोळे तपासायला येतो तोही पास व्हायला येतो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आतल्याची उत्तरं पाठ करतो. खुर्चीत बसला की शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवतो. दिसतं का? दिसतं, दिसतं. अरे, कुणासाठी दिसतं? मी काय तुला बक्षीस देणार आहे? एका म्हाताऱ्या शिंप्याने तर कमाल केली होती. तक्ता पुसायला म्हणून याने भिंतीवरून उतरवला होता, आणि म्हातारबुवांनी कोऱ्या भिंतीकडे बघून चारी ओळी बिनचूक वाचल्या होत्या. सुईत दोरा ओवता येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून. याने तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर त्याला हसून घेतलं, आणि मग म्हातारा खुर्चीतून उठताना हाताने दार चाचपडू लागला तेव्हा ते हसू त्याच्या दातांत अडकून राहिलं. आज, पाच-नऊ ऐकून, तो शिंपी त्याला आठवला. तक्ता काढून बघू, असं त्याच्या मनात आलं. मनात आलं त्याचीच त्याला किळस वाटली, तरी हात पॉवरच्या बटणाकडे गेला.

शंभर वॉटवरून त्याने पाचवर आणलं. पाच वॉट म्हणजे एवढासा मिणमिणता दिवा, आजच्या बँडवर गल्लीच्या टोकालाही पोचायचा नाही. नेहमीसारखं बोलला: आठवड्याची हवा, दुकानात नवीन आलेल्या फ्रेम, गुडघा. बटण सोडलं. खरखरीत जरा वेळ गेला आणि हेडमास्तर उगवले. पाच-नऊ, ते म्हणाले, आजचा दिवस फारच छान आहे, आणि आपल्या मोतीबिंदूचं सांगू लागले. बाहेरच्या खोलीतून बायकोने विचारलं की पीठ चाळून झालं का. रेडिओच्या खरखरीला ती बावीस वर्षं पीठ चाळणं म्हणत आली होती. तो हं म्हणाला. तिने आणखी काहीतरी विचारलं, त्यालाही हं म्हणाला, आणि हे दुसरं हं तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की तिने काय विचारलं ते आपण ऐकलेलंच नाही.

टेबलाच्या खाली तेलाचा एक जुना डबा होता. डब्यात तेल, तेलात बुडवलेला एक रोधक. त्याला डमी लोड म्हणतात. सेट दुरुस्त करताना तो हवेवर जाऊ नये, कुणाच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून अँटेना तोडून तो डबा जोडायचा. मग तुम्ही घसा फोडून बोला, शक्ती सगळी तेलात जाते, तेल तापतं, संपलं. त्याने स्विच अँटेनावरून डब्यावर फिरवला, पॉवर परत शंभरावर नेली आणि बटण दाबलं. आता तीनशे किलोमीटर सोडाच, बायकोच्या खोलीतसुद्धा त्याचा एक शब्द जाणार नव्हता हवेतून. काय बोलावं ते त्याला सुचेना. बावीस वर्षांत तो कधी न ऐकणाऱ्या माणसाशी बोललेला नव्हता, निदान तसं त्याला वाटत होतं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण तीन रविवारांपूर्वी जे विचारलं होतं ते इथे बोलता येईल.

तीन रविवारांपूर्वी त्याने भावाचं विचारलं होतं. धाकटा भाऊ बसस्थानकावर सूचना देणारा. अमुक गावाला जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे ज्याच्या तोंडून तीस वर्षं गावाने ऐकलं तो. ते भोंगे असले भिकार, निम्मा आवाज फाटलेला, वर इंजिनांचा धडधडाट, फेरीवाल्यांचा कालवा. तरी त्यातून तो कळायचा. लहानपणी एका अंथरुणात झोपायचे दोघं, तेव्हाही तो झोपेत बोलायचा तेच फलाटावर उभं राहिल्यासारखं. त्या भावाशी हा अकरा वर्षं बोललेला नव्हता. आई भावाकडे होती, आजारी होती. एका दुपारी याने फोन केला की निघू का, आणि भाऊ त्या भरघोस आवाजात म्हणाला, आई बरी आहे, काळजी करू नकोस, दुकान सोडून यायची काही गरज नाही. संध्याकाळी आई गेली. बरी आहे! नाडी सुटत चाललेल्या बाईच्या उशाशी उभं राहून हा गृहस्थ थोरल्या भावाला पाच-नऊ देत होता. याने चितेपाशीसुद्धा त्याच्याकडे मान वळवली नाही. नंतर वर्षं एकावर एक पडत गेली. आणि आता महिन्यापूर्वी भावाचं पत्र आलं होतं, चार ओळींचं. घशात गाठ निघालीये. सोळा तारखेला, बुधवारी, स्वरयंत्र काढून टाकणार. त्यानंतर बोलता येणार नाही. त्याआधी एकदा ये, नाहीतर फोन कर. नाही केलास तरी समजेन.

ते पत्र त्याने दुकानाच्या ड्रॉवरमध्ये भिंगांच्या पाकिटांखाली ठेवलं आणि आठवडाभर त्याला हात लावला नाही. मग रविवारी हेडमास्तरांना सांगितलं. सगळं सांगितलं, आई, दुपारचा फोन, पत्र. भर बँडवर, ऐकणारे ऐकोत. शेवटी म्हणाला, मी न जायचं ठरवतोय, चुकतो का तुम्हीच सांगा. हेडमास्तर म्हणाले होते, "बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर. तसंच करा." त्या माणसाने कधी कुणाला फुकट बरोबर म्हटलेलं नव्हतं. याच्या छातीवरचा दगड उतरला. त्या रात्री तो गाढ झोपला, पत्राला उत्तर दिलं नाही, आणि आज तेरा तारीख होती.

आता डब्याशी तो पुन्हा तेच बोलू लागला, पण शब्द वेगळेच येऊ लागले. ऐकणारं कुणी नसलं की माणूस स्वतःची बाजू मांडत बसत नाही. तो म्हणाला की रागबिग आता फारसा उरलेला नाही. म्हणाला की मला त्याचा आवाज ऐकायची भीती वाटते, ऐकला तर राग जाईल, आणि राग गेला की ही अकरा वर्षं कुठे घातली ते मलाच मला सांगावं लागेल. म्हणाला की त्या दुपारी भावाने बरी आहे म्हटलं तेव्हा मलाही ते ऐकायचं होतं. दुकानात त्या दिवशी गर्दी होती. त्याच्या आवाजात काहीतरी कमी आहे हे मला कळलं होतं, काट्यापेक्षा आधी कानाला कळतं, आणि मी विचारलं नाही की खरखर किती आहे. हे आजवर त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मोजून तीन मिनिटं झाली असतील. त्याने बटण सोडलं, स्विच अँटेनावर फिरवला आणि डबा किती तापलाय ते बघायला वाकून त्यावर तळहात ठेवला. कोमट होता. आजारी माणसाच्या कपाळाएवढा. पीठ चाळल्याचा आवाज सुरू होता. मग हेडमास्तर आले, थकलेले, प्रेमळ, दुरून.

"पाच-नऊ. सगळं मिळालं," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

राग येईल असं त्याला वाटलं होतं. तो रागावायला तयार होऊन बसला होता, दोन-चार शब्दही जमवून ठेवले होते. पण राग आला नाही. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि जमीन आधीच लागावी तसा नुसता एक हिसका बसला. म्हणजे मागच्या रविवारीही त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. त्याच्या आधीच्याही. एका रविवारी गुडघ्याला कसला लेप लावावा ते हेडमास्तरांनी सांगितलं होतं, पण याने तेव्हा विचारलं होतं दुकानाच्या भाडेकरूचं, आणि म्हातारपणी होतं असं म्हणून याने ते सोडून दिलं होतं. किती आठवडे? फोन करून विचारणं सोपं होतं. पण फोन न करण्याचा त्यांचा अलिखित करार होता. भेटायचं नाही, फोन करायचा नाही, जे पोचेल ते हवेतून. बावीस वर्षं तो दोघांनी अंगावरच्या दागिन्यासारखा जपला होता, आणि तो मोडायचा तर आज मोडायला त्याचं मन धजेना. बोललेलं पोचत नाही तिथे मोर्स पोचतो. आवाजाला रुंद वाट लागते, मोर्सला सुईच्या नेढ्याएवढी पुरते, आणि एवढ्याशा फटीतून खरखरही एवढीशीच येते. त्याने खणातून मोर्सची कळ काढली. वर्षभरात तिला हात लागलेला नव्हता. आधी नुसतीच आपली कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं नाव, ठोकत राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, लहान पोराला घोटून शिकवावं तशी सावकाश. कट्ट कडकट्ट. हेडमास्तरांचा आवाज मध्येच थांबला. मग तिकडूनही कळ वाजू लागली, अडखळत, एक अक्षर चुकून पुन्हा मारत.

याने विचारलं, आता खरं सांगा, किती येतोय. तीन-दोन, असं आलं. तीन म्हणजे कष्टाने समजतं, दोन म्हणजे जेमतेम आहे. त्याला एकदम बरं वाटलं, घाम फुटून ताप उतरावा तसं. मग एकेक अक्षर जोडत जे आलं ते असं, की शेजारच्या इमारतीने दोन महिन्यांपूर्वी छतभर सौर पॅनेलं बसवली आहेत, ऊन चढलं की त्यांची यंत्रं सगळा बँड खरखरीने भरून टाकतात, काटा सातवर जाऊन बसतो, आज ऊन कडक म्हणून नऊवर. म्हणून सात दिले, म्हणून आज नऊ. काट्याविरुद्ध बोललो नाही, हेडमास्तरांनी ठोकलं, आणि त्यातली मास्तरकी ओळखून याला हसू आलं. ज्या माणसाने चढ मोजायला शिकवलं तो उंची वाचून दाखवत होता, आणि वर आपण खोटं बोललो नाही म्हणत होता. थोड्या वेळाने पुन्हा कळ वाजली. पाच मात्र खोटे, असं आलं. का, म्हणून याने विचारलं. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता, असं उत्तर आलं. मग रविवार ठेवून काय करू.

आता विचारायचं उरलं होतं ते त्याने विचारलं. तीन रविवारांपूर्वी तुम्ही मला बरोबर म्हणालात. कशाला म्हणालात?

बाहेर कुणीतरी जिन्यावर सायकल चढवत होतं, दर पायरीला चाक आपटत. मग अक्षरं आली, आणि ती त्याने कागदावर उतरवून घेतली, कारण डोक्यात जोडायची ताकद राहिली नव्हती. शब्द आले नाहीत. सूर आला. हो म्हणा असा सूर होता. म्हणून हो म्हटलं. त्याने कागद उलटा ठेवला, परत सुलटा केला. इतकी सगळी खरखर, तीनशे किलोमीटर, त्यातून एकही शब्द पलीकडे गेला नव्हता, आणि जे गेलं होतं ते नेमकं तेवढंच, एक माणूस न जायला परवानगी मागतोय. हेडमास्तरांनी कधी नव्हे ती पोराची उत्तरपत्रिका न वाचताच पास केली होती, कारण पोरगं दारात उभं राहून रडतंय एवढं त्यांना कळलं होतं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं आणि आता त्यांच्या पाठीमागे लपायलाही जागा नव्हती. त्याने ठोकलं की पुढच्या रविवारी सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत, आणि कळ घेऊन या. हेडमास्तरांनी होय म्हटलं, आणि मग विचारलं, तेव्हा काय विचारलं होतंत, आता सांगता का. तो कळीवर बोट ठेवून बसला. नको, त्याने ठोकलं, माझं मी बघतो.

बाहेरच्या खोलीत बायको धुतलेले कपडे घड्या घालत होती. त्याने तिला सांगितलं की हेडमास्तरांना दोन महिने काही ऐकू येत नव्हतं. तिने त्यावर फारसं आश्चर्य दाखवलं नाही. विचारलं की मग भावोजींचंही ऐकू आलं नव्हतं का. तो दचकला, कारण त्याने तिला पत्राचं सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली की भिंत काही एवढी जाड नाही, आणि तुम्ही मायकात बोलता ते चार घरं ऐकतात. तीन आठवडे ती हे पोटात ठेवून होती. मला का नाही म्हणालीस, असं त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं.

"मला कुठे विचारलंत?" ती म्हणाली, शर्टाची कॉलर सरळ करत. "तिकडे लांब विचारत बसलात. इथे एवढी मी बसले होते, काही खरखर नाही, काही नाही."

तो खुर्चीच्या दांड्यावर टेकला. घरभर अकराच्या उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यात कपड्यांची धूळ उडत होती. वर्षानुवर्षं हं म्हटलेलं त्याला सगळं एकदम ऐकू येऊ लागलं. हं, बरं आहे. हं, बघू. हं, ऐकतोय. दुकानात जो माणूस दिसतं दिसतं म्हणणाऱ्यांवर डाफरत होता तो घरी येऊन बायकोला रोज पाच-नऊ वाटत होता, आणि तिने आकडा खोटा आहे हे माहीत असून तो घेऊन ठेवला होता, कशात ठेवला असेल कोण जाणे. जाऊ का, त्याने विचारलं. आता तरी विचारलंत, असा चेहरा करून ती म्हणाली की जायचं ते जा, आधी फोन करा, अजून बोलतोय तो माणूस.

नंबर तिच्याकडे होता. तिने तो तोंडपाठ सांगितला, म्हणजे मधल्या अकरा वर्षांत तिने तो लावलेला असणार, आणि त्याबद्दल आत्ता काही विचारू नये एवढं त्याला कळलं. घंटी वाजत राहिली. कुणीतरी फोन उचलला आणि पलीकडून वाळूवर पत्रा ओढल्यासारखं काही आलं. त्याला वाटलं लाइन खराब आहे. मग त्या ओढण्यात एक लय असल्यासारखी वाटली, आणि त्याने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून डोळे मिटले, जसे तो बँड वाईट असताना मिटायचा. खरखर कुठे आहे ते आधी ऐक. मग तिच्यावर काय चढतंय ते. मी बोलतोय, तो म्हणाला. पलीकडे ओढणं थांबलं. परत सुरू झालं. कळलं नाही, तो म्हणाला, परत सांग. परत आलं. नाही कळलं. बायको घडी घालायची थांबली होती. तिसऱ्यांदा त्याला दोन शब्द मिळाले, आई आणि बरी, मधले गेले. चौथ्यांदा सगळं मिळालं. आई बरी नव्हती, भाऊ म्हणत होता. तू वेड्यासारखी गाडी हाणत आला असतास, मला एका दिवसात दोन प्रेतं नको होती.

हे त्याने ऐकून घेतलं. त्या दुपारी मलाही तेच ऐकायचं होतं हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, ते समोर बसून सांगावं लागणार होतं. त्याने एवढंच विचारलं की येऊ का, बुधवारी येऊ का, ऑपरेशनच्या वेळी. पलीकडून श्वास आला, लांब, शिट्टी वाजल्यासारखा. आणि मग त्या फाटक्या घशातून, वाळू आणि पत्रा बाजूला सारून, एक अख्खं वाक्य आलं, स्वच्छ, फलाटावर गाडी लागल्यासारखं.

"उद्या ये. बुधवारनंतर एकटा तूच बोलशील, आणि तुझं बोलणं काही ऐकवत नाही."

शब्दन् शब्द आला होता. इतका स्पष्ट की बायकोनेही बसल्या जागेवरून ऐकला आणि तोंडावर हात धरला. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नाही आलं ऐकू," तो म्हणाला. "परत सांग."

पलीकडे भावाने दम घेतला, आणि परत सांगायला लागला.